खिशातला परवाना आणि रस्त्यावरचा पोलीस



आजचा विषय आपल्या गावाला थोडा परका आहे. प्रश्न अमेरिकेतला आहे. एका माणसाजवळ सरकारने रीतसर दिलेला परवाना आहे. त्या परवान्याच्या आधाराने तो कोटाखाली पिस्तूल ठेवून मोटार चालवीत चालला आहे. मागून पोलिसांची गाडी येते, तिचे दिवे लुकलुकतात, आणि मोटार थांबते. माणसाने शस्त्राच्या बाबतीत कोणताही गुन्हा केलेला नाही. पोलीसही नेमून दिलेले काम करीत आहे. आता पुढच्या एका मिनिटात त्या दोघांनी कसे वागावे, म्हणजे दोघेही संध्याकाळी आपापल्या घरी पोहोचतील?

प्रश्न एवढाच आहे. पण त्या एका मिनिटाच्या मागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो समजल्यावाचून त्या मिनिटाचा उलगडा होत नाही.

आपल्याला शस्त्राचा परवाना ही गोष्ट अगदीच नवी नाही. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली शस्त्रकायदा झाला, तेव्हा हिंदी माणसाने परवाना काढावा आणि युरोपियनाला मात्र त्यातून सूट, असा तो न्याय होता. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे शस्त्र घेऊन चाललेल्या माणसाकडे पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो, आणि माणसाला तो दाखवावा लागतो. आपल्याकडे परवाना हा अपवाद आहे. शंभर घरांच्या आळीत एखाद्याकडे असला तर असतो. अमेरिकेत तो हक्क समजला जातो. पण कायदा कोणासाठी कडक आणि कोणासाठी सैल, हा १८७८ चा आपला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न यांचे गोत्र एकच आहे.

अमेरिकेत सुरुवातीला शस्त्र उघडपणे बाळगणे सभ्यपणाचे आणि झाकून बाळगणे लबाडीचे समजले जाई. १८१३ साली केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. केंटकीत ज्याच्यावर खटला झाला त्याच्या हातात काठी होती, आणि काठीच्या पोटात तलवार, म्हणजे आपली गुप्तीच. तेथील न्यायालयाने १८२२ साली तो कायदाच रद्द ठरविला; पुढे १८५० साली राज्यघटना बदलून विधिमंडळाने ती सत्ता परत मिळविली. या जुन्या भांडणात आपण फार वेळ घालवू नये. एवढेच लक्षात ठेवावे की कंबरेला उघड लटकणारे पिस्तूल आणि कोटाखालचे पिस्तूल या कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या.

पण शस्त्र कसे बाळगता यापेक्षा ते कोण बाळगतो हा प्रश्न लवकरच मोठा झाला. यादवी युद्ध संपले, गुलाम मुक्त झाले, आणि त्याच वर्षी, १८६५ साली, मिसिसिपी राज्याने कायदा केला की मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये. गोऱ्या शेजाऱ्याला ही अट नव्हती. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९११ साली सलिव्हन नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने कायदा झाला आणि खिशात मावेल अशा शस्त्रासाठी परवाना आवश्यक ठरला. परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. मर्जी हा शब्द कायद्यात शिरला की ती कोणाच्या बाजूने झुकणार, हे कामगार वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

एकच उदाहरण देतो. ३० जानेवारी १९५६ रोजी अलाबामातील माँटगमरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. घरात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. त्यानंतर किंग यांनी शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि तो नाकारण्यात आला. ज्याच्या ओसरीवर बाँब फुटला त्याला धोका आहे असे सरकारला पटेना! पुढे किंग यांनी अहिंसा हाच मार्ग पूर्णपणे पत्करला, आणि ते जगाला माहीत आहे. नाकारलेल्या अर्जाची हकीकत तेवढी सांगितली जात नाही.

किंग यांच्या मार्गाबरोबर दक्षिणेत दुसरी एक वाट होती, आणि ती कामगारांची होती म्हणून मी तिच्यापाशी जरा थांबतो. लुइझियानात बोगलुसा नावाचे कागद गिरणीचे गाव आहे. क्राउन झेलरबाख कंपनीची गिरणी म्हणजेच गाव, असे ते होते. गिरणीत गोऱ्यांची युनियन वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. बढतीच्या पायऱ्याही वेगळ्या. तेथील कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे पुढारी ए. झेड. यंग आणि रॉबर्ट हिक्स हे दोघेही याच गिरणीतले युनियनचे माणूस. रात्री गोरे गुंड वस्तीत येत, आणि पोलिसांकडे तक्रार न्यावी तर पोलिसांतच त्या गुंडांचे सोबती. तेव्हा लुइझियानातच जोन्सबरो येथे १९६४ साली सुरू झालेल्या ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या संघटनेची शाखा १९६५ साली बोगलुसात निघाली. दिवसा पाळी करायची आणि रात्री वस्तीच्या तोंडाशी बंदूक घेऊन पहारा द्यायचा. पोलिसाशी कसे बोलायचे, शस्त्र कोठे ठेवायचे, आधी हात कोणी उचलायचा नाही, याची शिस्त त्यांना स्वतःलाच घालून घ्यावी लागली. कारण त्यांच्यापैकी एकानेही कायद्याची रेघ ओलांडली असती तर ती पोलिसांना हवीच होती. अखेर १९६५ च्या जुलैत संघराज्याच्या न्यायालयाने बोगलुसाच्या पोलिसांना हुकूम केला की मोर्चेकऱ्यांचे रक्षण करा. ज्या पोलिसांपासून रक्षण हवे त्यांनाच रक्षणाचा हुकूम, असा तो निकाल होता. हिक्स यांनी पुढे त्याच गिरणीविरुद्ध बढतीच्या प्रश्नावर खटला लढविला, तो आणखी एका व्याख्यानाचा विषय आहे.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियात झाला. ऑकलंड शहरात ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. आपल्या दलित पँथरने १९७२ साली मुंबईत नाव घेतले ते याच पक्षाचे. न्यूटन कॉलेजात कायदा शिकलेला होता. त्या वेळी कॅलिफोर्नियात झाकून शस्त्र नेण्यास परवाना लागे, पण भरलेली बंदूक उघड हातात धरून रस्त्यावर उभे राहण्यास मनाई नव्हती. न्यूटनने हे पुस्तकात पाहिले आणि वापरले. पोलिसाने एखाद्या कृष्णवर्णीयाची गाडी अडवली की पँथर कार्यकर्ते काही अंतरावर उभे राहत. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात कायद्याचे पुस्तक. नळी कोणाकडे रोखायची नाही, पोलिसाच्या कामात आडवे यायचे नाही, अडवलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. पोलीस चिडत, पण पकडायला कलम सापडत नसे.

मग कलमच बदलण्यात आले. डॉन मलफर्ड नावाच्या आमदाराने विधेयक आणले. २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर बंदुका घेऊन सॅक्रामेंटोच्या विधानभवनात गेले, आणि देशभर खळबळ उडाली. २८ जुलै १९६७ रोजी गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी त्या कायद्यावर सही केली, आणि भरलेली बंदूक रस्त्यावर नेणे गुन्हा ठरले. शस्त्रधारकांची सर्वांत मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, हिचा या कायद्याला पाठिंबा होता. हे नाव ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा येईल.

आता न्यायालयात काय झाले ते पाहू. कारण रस्त्यावरच्या त्या मिनिटाचे नियम विधानभवनापेक्षा अधिक न्यायालयात घडले.

३१ ऑक्टोबर १९६३ च्या दुपारी क्लीव्हलंड शहरात मॅकफॅडन नावाचा एक जुना गुप्त पोलीस फिरत होता. दोन माणसे एका दुकानाच्या खिडकीपुढून पुन्हा पुन्हा जातात, डोकावतात, परत कोपऱ्यावर येऊन कुजबुजतात, हे त्याने पाहिले. दरोड्याचा बेत असावा असे त्याला वाटले. त्याने जाऊन त्यांना हटकले, आणि टेरी नावाच्या माणसाच्या ओव्हरकोटावरून हात फिरवला. आत पिस्तूल लागले. वॉरंट नव्हते, अटक नव्हती. मग ही झडती कायदेशीर कशी? १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितले की माणूस सशस्त्र आणि धोकादायक असल्याचा सकारण संशय असेल तर पोलिसाने स्वतःच्या जिवासाठी वरवर चाचपून पाहावे, त्याला हरकत नाही. निकालातले दोन शब्द विसरू नका: सशस्त्र, आणि धोकादायक.

पुढे १९७७ साली फिलाडेल्फियाचा मिम्स खटला आला. गाडीच्या पाटीची मुदत संपली म्हणून पोलिसांनी मिम्सला थांबवले आणि खाली उतरायला सांगितले. उतरताच कोटाखाली फुगवटा दिसला, चाचपले, रिव्हॉल्व्हर निघाले. खाली उतरवायला काही कारण होते काय? पोलिसाचे म्हणणे, मी प्रत्येकालाच उतरवतो. न्यायालय म्हणाले, चालेल. चालकाची गैरसोय थोडी, पोलिसाच्या जिवाचा धोका मोठा. या दोन निकालांनी त्या मिनिटावर पोलिसाचा ताबा पक्का झाला. आणि न्यायमूर्तींचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे मी म्हणणार नाही. गाडी अडवायला गेलेले पोलीस तिकडे मारले गेले आहेत, आजही जातात. पोलीसही पगारदार माणूस आहे, त्यालाही बायकामुले आहेत. खिडकीशी जाताना आत बसलेल्याच्या मांडीवर काय आहे हे त्याला दिसत नाही.

पण हे सगळे ठरले तेव्हा एक गोष्ट गृहीत होती: सामान्य माणसाच्या कोटाखाली पिस्तूल नसते, आणि असलेच तर बहुधा बेकायदा असते. हे गृहीतच पुढे उलटले.

१९८७ साली फ्लोरिडाने कायदा केला की वय, शिक्षण वर्ग, गुन्हा नसणे या ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला झाकून शस्त्र नेण्याचा परवाना द्यावाच लागेल. अधिकाऱ्याची मर्जी संपली. मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. टेक्ससने १९९५ साली तसा कायदा केला, मिनेसोटाने २००३ साली. झाकून शस्त्र नेण्यास सरसकट मनाई असलेले शेवटचे राज्य इलिनॉय, तेही २०१३ साली वळले. लक्षावधी माणसे कंबरेला पिस्तूल लावून कचेरीत, बाजारात, देवळात जाऊ लागली. आणि या माणसांची गाडी पोलीस अडवणार, हे उघडच होते.

येथून एक नवे शास्त्र जन्माला आले. परवान्याच्या वर्गात नेमबाजीबरोबर हेही शिकवू लागले की पोलिसाने थांबवले तर काय करावे. ते मी तुम्हाला सांगतो, कारण आपल्या घराघरांतील मुले आता तिकडे नोकरीला आहेत, आणि पिस्तूल नसले तरी यातील बराच भाग त्यांच्या कामाचा आहे.

दिवा दिसताच सावकाश कडेला घ्यावे आणि इंजिन बंद करावे. रात्र असेल तर गाडीतला दिवा लावावा. काच खाली करावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे ठेवावे. पोलीस तोंड पाहत नाही, हात पाहतो. कागदपत्रे काढायची घाई करू नये. माणूस खणाशी वाकला की मागून येणाऱ्याला वाटते, काहीतरी काढतो आहे. पोलीस जवळ आला की शांतपणे सांगावे की माझ्याजवळ झाकून शस्त्र नेण्याचा परवाना आहे, शस्त्र आता अमुक ठिकाणी आहे, मी काय करावे अशी आपली इच्छा आहे? वाक्याची सुरुवात परवान्याने करावी. ‘बंदूक’ हा शब्द एकटा, मोठ्याने उच्चारू नये, कारण गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या दुसऱ्या पोलिसाला पुढचे मागचे ऐकू गेलेले नसते. शस्त्राला हात लावू नये, दाखवायला काढू नये. पाकीट शस्त्राच्याच बाजूच्या खिशात असेल तर ते आधी सांगावे आणि परवानगी मिळेपर्यंत हात हलवू नये. पोलिसाने शस्त्र ताब्यात घ्यायचे म्हटले तर घेऊ द्यावे. तो चुकत असेल तर वाद न्यायालयात घालावा, रस्त्यावर नव्हे.

आपल्याकडची सवय याच्या अगदी उलटी. हवालदाराने शिट्टी मारली की आपला माणूस गाडीतून उतरतो, कागद हातात घेऊन लगबगीने त्याच्याकडे जातो, आणि ‘साहेब, साहेब’ करीत खिसे चाचपतो. आपल्याकडे ते अदबीचे लक्षण. तिकडे न सांगता उतरून पोलिसाच्या अंगावर चालून येणारा माणूस म्हणजे हल्ला करणारा. परदेशी निघालेल्या मुलाला लोणच्याच्या बरणीबरोबर एवढे सांगून पाठवावे.

आपण होऊन सांगायचेच काय, यावर मात्र राज्याराज्यांत मतभेद आहे. मिशिगनमध्ये थांबवताच ताबडतोब सांगणे सक्तीचे. मिनेसोटात पोलिसाने विचारले तर सांगायचे, आपण होऊन सांगण्याची सक्ती नाही. ओहायोत अनेक वर्षे ‘तत्परतेने’ सांगण्याची सक्ती होती. २०११ साली ओहायोतील कँटन शहरात एका परवानाधारकाला पोलिसांनी अडवले. तो सांगायचा प्रयत्न करी, आणि पोलीस त्याला गप्प करी. मग पिस्तूल आहे हे कळताच त्या पोलिसाने शिव्यांचा भडिमार करून जिवे मारण्याची भाषा केली, आणि वर वेळेवर सांगितले नाही म्हणून त्या माणसावरच आरोप ठेवला. सर्व प्रकार पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्यात उतरला होता. आरोप टिकला नाही, पोलिसाला बडतर्फ करण्यात आले. ओहायोने ती सक्ती २०२२ साली काढली. बोलू देत नाही आणि का बोलला नाहीस म्हणून दंड करतो, हा न्याय आमच्या कामगारांना मुकादमाच्या टेबलापुढे चांगला परिचयाचा आहे.

आता मी मुख्य घटनेकडे येतो.

फिलँडो कॅस्टील हा बत्तीस वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या एका शाळेत जेवणघराची व्यवस्था पाहत असे. मुलांची नावे, कोणाला कोणता पदार्थ बाधतो, हे त्याला तोंडपाठ होते असे शाळेतले सांगतात. तो टीमस्टर्स युनियनच्या ३२० क्रमांकाच्या शाखेचा सभासद होता. त्याच्याजवळ पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. आणि या माणसाची गाडी गेल्या चौदा वर्षांत चाळीसपेक्षा अधिक वेळा पोलिसांनी थांबवली होती, बहुतेक वेळा किरकोळ कारणांसाठी.

६ जुलै २०१६ च्या रात्री फाल्कन हाइट्स या उपनगरात त्याला पुन्हा थांबवण्यात आले. कारण सांगितले ते मागचा ब्रेकचा दिवा लागत नाही हे. पण पोलिसाच्या मनात आणखी होते: चालकाचे रुंद नाक पाहून तो एका दरोड्यातील संशयितासारखा दिसतो असे त्याने बिनतारी यंत्रावर सहकाऱ्याला कळविले होते. गाडीत कॅस्टीलची मैत्रीण आणि मागे तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसाने लायसन्स आणि विम्याचा कागद मागितला. कॅस्टीलने विम्याचा कागद दिला. मग, कोणी विचारले नसताना, अदबीने सांगितले की मला सांगायला हवे, माझ्याजवळ शस्त्र आहे. मिनेसोटाच्या कायद्याने एवढे सांगणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते. पोलीस म्हणाला, मग त्याला हात लावू नकोस. कॅस्टील म्हणाला, मी ते काढत नाही. त्याच्या मैत्रिणीनेही तेच सांगितले. पोलिसाने आवाज चढवून पुन्हा बजावले आणि सात गोळ्या झाडल्या. शस्त्राचा पहिला उल्लेख आणि पहिली गोळी यांमध्ये मोजके सेकंद गेले. मैत्रिणीच्या सांगण्याप्रमाणे तो मागितलेले लायसन्स काढीत होता. पिस्तूल नंतर त्याच्या खिशातच मिळाले.

खिडकीशी उभे राहून पोलिसाने लायसन्स काढायला सांगितले होते, आणि त्याच पोलिसाने हात हलवू नको म्हणूनही सांगितले. दोन हुकूम एकमेकांविरुद्ध. एक पाळावा तर दुसरा मोडतो. हे पोलिसाच्या दुष्टपणाने झाले असे मी म्हणत नाही. तो भ्यालेला होता, हे फीत पाहिलेल्या कोणालाही दिसते. १६ जून २०१७ रोजी, पाच दिवसांच्या विचारानंतर, पंचांनी त्याला निर्दोष सोडले. त्याला भीती वाटली हे पंचांना पुरेसे झाले. गावाने कॅस्टीलच्या आईला सुमारे तीस लाख डॉलर भरपाई दिली आणि पोलिसाला नोकरीतून मोकळे केले.

नॅशनल रायफल असोसिएशनने काय केले? जिचे बोलणे परवानाधारक सज्जनाच्या हक्काविषयी, तिने दोन दिवसांनी एक मोघम निवेदन काढले, त्यात कॅस्टीलचे नावही नव्हते. तिच्यातील काही सभासदांनीच तिला यासाठी धारेवर धरले. टीमस्टर्सच्या शाखेने मात्र आपल्या सभासदाबद्दल उघड शोक केला. आणि त्या शाखेचे पूर्ण नाव ऐकून ठेवण्यासारखे आहे: मिनेसोटा टीमस्टर्स सार्वजनिक आणि कायदा अंमलबजावणी कर्मचारी संघटना. म्हणजे पोलीस खात्यातले नोकरही त्याच नावाखाली येतात.

या प्रकरणानंतर वर्गातल्या शिकवणीचे काय झाले? ती वाढली. टेक्ससने २०१७ साली कायदाच केला की शाळेतील नववी ते बारावीच्या मुलांना पोलिसाने थांबवल्यावर कसे वागावे हे शिकवावे. पोलिसांनाही त्याचे शिक्षण द्यावे असे त्यात आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. शिकवणे चांगले, मी स्वतः आत्ताच शिकवले. पण कारखान्यात आम्ही एक गोष्ट जन्मभर पाहिली आहे. प्रेस मशीनवर एखाद्याची बोटे गेली की दुसऱ्या दिवशी खात्यात एक पाटी लागते: ‘काम करताना सावध राहा.’ कामगाराने सावध राहावेच. बोटे त्याची आहेत. पण १९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम पाटी लावा म्हणत नाही. ते म्हणते, यंत्राच्या धोक्याच्या भागाला कुंपण घाला. कारण आठ तास, तीस वर्षे, एकदाही न चुकणारा माणूस जन्माला आलेला नाही. कॅस्टील चाळीसपेक्षा अधिक वेळा नीट वागला होता.

न्यायालयाने तर पाटीच आणखी मोठी केली. वेस्ट व्हर्जिनियातील रॅन्सन गावी एकाने पोलिसांना फोन केला की एका माणसाने पिस्तुलात गोळ्या भरल्या, ते खिशात घातले आणि तो गाडीत बसून गेला. त्या राज्यात परवान्याने असे करणे कायदेशीर होते. पट्टा लावला नाही म्हणून गाडी थांबवून पोलिसांनी झडती घेतली. रॉबिन्सन या नावाने गाजलेल्या या खटल्यात चौथ्या विभागाच्या न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बहुमताने ठरविले की पोलिसाने सक्तीने थांबवलेला माणूस सशस्त्र असेल तर तो त्या कारणानेच धोकादायक; परवाना असो वा नसो. १९६८ च्या निकालातले ते दोन शब्द आठवतात? सशस्त्र, आणि धोकादायक. त्यांचा आता एकच शब्द झाला. एका न्यायमूर्तींनी तर स्वतंत्र मत लिहिले की शस्त्र बाळगणे निवडणाऱ्याने काही घटनात्मक संरक्षणे सोडली असेच समजावे. सरकार एका हाताने परवाना देते आणि दुसऱ्या हाताने तो बाळगणाऱ्याला धोकादायक ठरवते.

रस्त्यावर हे पुन्हा पुन्हा दिसले. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी शिकागोजवळ एका मद्यगृहाचा रखवालदार, जेमेल रॉबरसन, गोळीबार करणाऱ्याला जमिनीवर दाबून धरून उभा होता. त्याच्याजवळ परवाना होता, तो आपली नोकरी बजावीत होता. मदतीला आलेल्या पोलिसाने त्यालाच गोळी घातली. २१ जून २०२१ रोजी कोलोरॅडोतील आरवाडा येथे जॉनी हर्ली या गोऱ्या माणसाने पोलिसाचा खून करणाऱ्याला स्वतःच्या पिस्तुलाने थांबवले. काही क्षणांनी आलेल्या पोलिसाने हर्लीला मारले. हे उदाहरण मी मुद्दाम दिले. रंगाचा भाग फार मोठा आहे, पण सगळा प्रश्न रंगाने उलगडत नाही.

पोलिसांच्या शिक्षणाचाही एक भाग आहे. कॅस्टीलला मारणाऱ्या पोलिसाने ‘बुलेटप्रूफ वॉरिअर’ नावाच्या एका खासगी वर्गात शिक्षण घेतले होते. प्रत्येक क्षणी समोरचा मला मारणार आहे असे धरून चालणारे ते शिक्षण. २०१९ साली शेजारच्या मिनिआपोलिस शहराच्या महापौरांनी आपल्या पोलिसांना असे वर्ग करण्यास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, बंदी केली. त्यावर तेथील पोलिसांच्या युनियनने सभासदांना हे वर्ग फुकट देऊ केले. युनियनचा माणूस म्हणून हे वाचताना मला बरे वाटले नाही.

इकडे शस्त्रे वाढतच गेली. २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कच्या १९११ पासून चालत आलेल्या मर्जीच्या पद्धतीला घटनाबाह्य ठरविले. २०२४ सालापर्यंत २९ राज्यांत झाकून शस्त्र नेण्यासाठी परवान्याचीही गरज उरली नव्हती. म्हणजे सांगायला शस्त्र आहे, पण दाखवायला कागद नाही. खिडकीशी आलेल्या पोलिसाला प्रत्येक कोटाखाली पिस्तूल धरून चालावे लागते, आणि त्याची शिकवण अजून १९६८ चीच.

मग कुंपण कोठे घालायचे? त्याचे एक उत्तर कॅस्टीलच्या मुलुखातच निघाले, आणि ते शस्त्रांच्या कायद्यात नाही. फाल्कन हाइट्स ज्या रॅमसी परगण्यात येते, तेथील सरकारी वकिलांनी सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर केले की फुटका दिवा, संपलेली पाटी असल्या किरकोळ कारणांसाठी गाडी अडवून झडतीत जे सापडेल त्यावर साधारणपणे आपण खटला चालविणार नाही. सेंट पॉलसह तेथील काही पोलीस खात्यांनी अशा कारणांनी गाड्या अडवणे कमी केले. आणि त्याच्याही आधी, २०१७ साली, मिनेसोटात ‘लाइट्स ऑन’ नावाची एक योजना सुरू झाली होती. मागचा दिवा गेलेली गाडी दिसली तर पोलीस चालकाला दंडाची पावती देत नाही. तो त्याच्या हातावर एक कूपन ठेवतो, आणि ते दाखवून जवळच्या गॅरेजात दिवा फुकट बदलून मिळतो.